एमजी टीडीचे नटबोल्ट : प्रकल्प नोंदी, सांगली

१८ ऑगस्ट २०२४

गाडी आज कुपवाडच्या शेडमध्ये आली. १९५१ ची एमजी टीडी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार, उजव्या हाताचं स्टिअरिंग, १२५० सीसीचं एक्सपीएजी इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर. मिरजेच्या डॉक्टरांच्या आजोबांची. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं (धोक्याची पातळी ४५ फूट), तेव्हा ही गाडी गावभागातल्या वाड्याच्या पडवीत होती. पाणी बॉनेटच्या वर चढलं आणि काही दिवस तिथंच थांबलं. नंतर वरवर धुऊन, ताडपत्री टाकून ठेवली ती आजपर्यंत.

पत्रा वाटला होता त्यापेक्षा बरा आहे. लाकडी सांगाडा, म्हणजे अॅश लाकडाची चौकट, डाव्या दाराखाली कुजली आहे. चासी दणकट आहे. गाडीची खरी दैना नटबोल्टांत झाली आहे. गाळ आट्यांत, म्हणजे बोल्टांच्या पेचांत, शिरून वाळलाय, त्यावर गंज, आणि गंजाच्या खाली पन्नास-साठ वर्षांत वेगवेगळ्या हातांनी घातलेले वेगवेगळे बोल्ट. समोरच्या एकाच ब्रॅकेटवर चार बोल्ट आणि चारांना चार वेगळे पाने लागतात.

म्हणून या कामात नटबोल्टांची वही वेगळी ठेवतोय. इंजिन, ब्रेक, वायरिंग यांच्या नोंदी दुसरीकडे. जुन्या गाडीचं काम करणारे इंजिनवर बोलतात, रंगावर बोलतात, बोल्टांवर फारसं कुणी बोलत नाही. पण गाडी धरून ठेवतात ते बोल्टच, आणि चुकीचा बोल्ट बाहेरून बरोबर बोल्टासारखाच दिसतो.

२५ ऑगस्ट

इंजिन अजून गाडीतच. बाहेरची जोडणी सोडवायला घेतली. पद्धत लिहून ठेवतो, कारण शेडवरच्या पोरांनाही हीच सांगितली आहे.

आधी तारेच्या ब्रशने बाहेर आलेले आटे साफ करायचे. नटाच्या पुढं जे आटे दिसतात त्यांच्यातला गंज नटाला बाहेर येताना अडवतो. मग गंज सोडवणारं तेल, आणि रात्रभर सबुरी. दुसऱ्या दिवशी पाना लावून पहिल्यांदा किंचित आवळायचं. ‘कट्’ असा आवाज आला की गंजाची पकड सुटली, मग उलटं फिरवायचं. अर्धा फेरा मागं, पाव फेरा पुढं, तेल, परत. एकदम ओढलं की बोल्ट पिळवटून तुटतो आणि तुकडा आत राहतो.

गॅस मारायचा तो शेवटचा उपाय. त्या काळच्या ब्रिटिश बोल्टांवर कॅडमियमचा मुलामा असू शकतो आणि तापवला तर त्याचा धूर विषारी असतो. दारं उघडी, मास्क, आणि एकानेच करायचं. ब्रशनं घासतानाही मास्क हवाच.

निघालेला प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्यावर. मोठ्या पुठ्ठ्यावर त्या भागाची बाह्यरेषा काढायची, जागच्या जागी भोक पाडायचं आणि बोल्ट तिथंच खुपसायचा. डब्यात टाकलेल्या बोल्टांना काही सांगता येत नाही. पुठ्ठ्यावरचा बोल्ट मात्र कुठला, किती लांब, वायसर होता का, सगळं सांगतो.

१ सप्टेंबर

आजची नोंद लांब होणार.

टायमिंग कव्हरचा एक मूळचा बोल्ट स्वच्छ केला. डोक्याला १३ चा पाना बसत नाही, १४ चा सैल फिरतो. पेटीतला व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचा, पाना लावला, १/४ डब्ल्यू, म्हणजे आपल्याकडचा दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), तो झकास बसला. १/४ हा आकडा बोल्टाच्या जाडीवरून आहे, पान्याच्या तोंडाचा नव्हे. त्या पान्याचं तोंड ०.५२५ इंच, सुमारे १३.३ मिमी. ब्रिटिश गाडी, व्हिटवर्थचं डोकं, तेव्हा आटेही बीएसएफचे, म्हणजे ब्रिटिश बारीक मापाचे, असणार असं कुणालाही वाटेल. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला तर दांडा ७.९ च्या आसपास. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, तेही जुळतं.

मग पिच गेज. पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, आणि गेज म्हणजे ते जुळवून बघायची दातेरी पानं. बीएसएफचं २२ आट्यांचं पान लावून उजेडासमोर धरलं. पहिले दोन आटे बसल्यासारखे वाटतात, तिसऱ्यापासून फट दिसू लागते. मेट्रिकचं १.० चं पान लावलं आणि उजेड पूर्ण बंद झाला. टोकापासून डोक्यापर्यंत एक रेघही नाही. हा ८ मिमी, १.० पिचचा मेट्रिक बोल्ट, डोकं तेवढं व्हिटवर्थचं.

एक्सपीएजी इंजिनाची ही गोष्ट माहीत होती, तरी हातात धरून बघताना बरं वाटलं. पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच कंपनीने मशीनगनसाठी कॉव्हेंट्रीत कारखाना काढला. युद्धानंतर तिथं मॉरिस या ब्रिटिश मोटार कंपनीसाठी इंजिनं होऊ लागली आणि १९२३ साली मॉरिसने तो कारखानाच विकत घेतला. यंत्रसामग्री फ्रेंच, मापं मेट्रिक. सगळी यंत्रं बदलण्यापेक्षा आटे मेट्रिक ठेवले आणि डोकी व्हिटवर्थची केली, म्हणजे ब्रिटिश मिस्त्रींच्या पेटीतले पाने चालतील. मॉरिस टेनच्या इंजिनावरून पुढं एक्सपीएजी घडलं, १९३९ च्या टीबी या एमजीच्या आधीच्या मॉडेलात बसलं आणि टीडीतही तेच आहे. बोअर ६६.५ मिमी, स्ट्रोक ९० मिमी, हे आकडेही त्याच घराण्यातले. चासी मात्र पूर्ण बीएसएफ. लुकासचे विजेचे सुटे भाग आणि छोटे स्क्रू बीए. तेलाच्या नळ्यांचे जोड बीएसपी. लाकडात जाणारे काही बोल्ट जाड आट्यांचे बीएसडब्ल्यू. एका गाडीत पाच कुळं नांदतात.

ही पाच कुळं ओळखू न आल्यामुळे काय होतं, ते याच इंजिनावर दिसतंय. ८ मिमीच्या आसपासचे सगळे आटे आज वहीत मांडले :

मूळचा ८ मिमी, पिच १.०.
बाजारातला नेहमीचा एम ८, पिच १.२५.
५/१६ यूएनएफ (इंचातलंच दुसरं, बारीक आट्यांचं माप), इंचाला २४ आटे, पिच १.०५८.
५/१६ बीएसएफ, इंचाला २२, पिच १.१५५.
५/१६ बीएसडब्ल्यू, इंचाला १८, पिच १.४११.

पाचही बोल्ट टेबलावर ठेवले तर जाडीत फरक कळत नाही. सगळ्यात घातक यूएनएफचा. त्याचा आणि मूळच्या बोल्टाचा आट्याचा कोन एकच, ६० अंश, आणि पिचमध्ये फरक सहा शतांश मिलिमीटरही नाही. हाताने चार-पाच आटे गोड आत जातो. आठ आटे गेले की फरक साचून जवळपास अर्धा मिलिमीटर होतो आणि बोल्ट घट्ट होतो. फिरवणाऱ्याला वाटतं आवळला. प्रत्यक्षात डोकं अजून टेकलेलं नसतं, किंवा टेकलं तरी पकड फक्त दोन-तीन आट्यांची असते.

समोरच्या कव्हरमध्ये असे काही निघाले. सम्पच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या) कडेला तर कुणीतरी नेहमीचे १.२५ पिचचे बोल्ट दांडगाईने ठोकून घातलेत. १.० पिचसाठी भोक ७ मिमीचं असतं, १.२५ साठी ६.८ चं. म्हणजे आधीच मोठ्या भोकात जाड आट्याचा बोल्ट : तो जुने आटे कापत जातो आणि स्वतःचे अर्धवट पाडतो. ब्लॉक बिडाचा असल्यामुळे अजून थोडं काही शिल्लक आहे.

शेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावलं : हाताने पूर्ण आत जात नाही तो बोल्ट पान्याने घालायचा नाही.

२२ सप्टेंबर

गणपतीत काम थांबलं होतं. आज बाजार.

गणपती पेठेच्या बाजूला नटबोल्टांची जुनी दुकानं आहेत, तिथं तासभर गेला. आपल्या भागात एक गोष्ट चांगली आहे. लिस्टर जातीची जुनी डिझेल इंजिनं, गुऱ्हाळं, तेलघाणे यांच्यामुळे इंग्लिश आट्यांचा माल अजून कुठंकुठं मिळतो. आपल्याकडे मेट्रिकचा कायदा १९५६ साली झाला, तरी दुकानात आजही ‘अडीच सूत’ म्हटलं की ५/१६ आणि ‘तीन सूत’ म्हटलं की ३/८ हातात येतो. फक्त तो बहुतेक वेळा बीएसडब्ल्यू असतो, आणि चासीला हवा बीएसएफ. सूत म्हणजे जाडी झाली. आट्याबद्दल त्यात काही येत नाही, ते वेगळं विचारावं लागतं.

दुकानदार काका भले आहेत. म्हणाले, “कशाला एवढं बघताय ओ, हायटेन देतो की, नेऊन घाला.” हायटेन म्हणजे जास्त ताकदीचा. बोल्ट हातात घेऊन डोकं बघितलं तर कोरं. खूण नसलेला बोल्ट मी साधा एमएस, म्हणजे मऊ पोलादाचा, धरतो, दुकानदार काहीही म्हणो.

डोक्यावरच्या खुणा पोरांसाठी लिहून ठेवतो. ८.८ मध्ये पहिला ८ म्हणजे चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनपर्यंत तुटत नाही. दुसरा .८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६४० पर्यंत, तो ताणला तरी परत जागेवर येतो. १०.९ ला हेच आकडे १००० आणि ९००. बाजारातला साधा बोल्ट बहुधा ४.६ असतो, म्हणजे ४०० आणि २४०. यूएनएफ आणि त्याचाच जाड आट्यांचा भाऊ यूएनसी, यांच्या बोल्टांवर आकडे नसतात, रेघा असतात : तीन रेघा ग्रेड ५, सहा रेघा ग्रेड ८. जुन्या ब्रिटिश बोल्टांवर अक्षर असतं. आपल्या गाडीच्या काही मूळ बोल्टांवर ‘आर’ दिसतोय, म्हणजे चौरस इंचाला ४५ टन, आजच्या भाषेत ७०० च्या आसपास. याचा अर्थ ८.८ त्या जागी बिनधास्त चालतो आणि ४.६ चालत नाही.

१२.९ का नको, हे डॉक्टरांनी फोनवर विचारलं. जास्त ताकदीचा बोल्ट जास्त कडक असतो. गंज, खाच, धक्का यांना तो कमी सोसतो. शिवाय मूळ जोड ज्या बोल्टासाठी आखलाय त्याच्याहून कडक बोल्ट घातला की आवळणाराही जास्त आवळतो आणि आटे जातात ते ब्लॉकचे. बोल्ट बदलता येतो, ब्लॉक कुठून आणणार?

८ मिमी, १.० पिच, ८.८ चा माल सांगलीत कपाटात नाही. कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरातून ऑर्डरीवर येईल. डोकं १३ चं असेल, पण आत जिथं दिसत नाही तिथं मला त्याचं काही नाही.

६ ऑक्टोबर

डॉक्टर शेडवर आले होते. त्यांची इच्छा : सगळे बोल्ट स्टेनलेसचे घालू, परत पूर आला तरी गंजणार नाहीत. पुरात गाडी बघितलेल्या माणसाचं हे म्हणणं मला पूर्ण समजतं. तरी नाही म्हणालो आणि कारणं दिली.

नेहमीचं चांगलं स्टेनलेस म्हणजे ए२-७०. ते ७०० ला तुटतं, पण ४५० लाच कायमचं ताणलं जातं. ८.८ चा तोच आकडा ६४०. म्हणजे दिसायला भारी, पण सस्पेन्शनवर आणि स्टिअरिंगवर कमी भरवशाचं. दुसरं, स्टेनलेसवर स्टेनलेस आवळताना आटे एकमेकांना चिकटून जाम होतात. निघतच नाहीत, कापावे लागतात. तिसरं, सम्प अॅल्युमिनियमचा. ओलाव्यात स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम एकत्र आले की झिजतं अॅल्युमिनियम.

“मग गंजाचं काय करायचं, मिस्त्री?” त्यांनी विचारलं. म्हणालो, झिंक, ग्रीस, मेण, आणि दरवर्षी पावसाळ्याआधी एकदा खाली वाकून बघणं. नंबर प्लेट, आरशाचे हात, मडगार्डच्या कडेची पट्टी, इथं स्टेनलेस घालतो. तेवढ्यावर ते राजी झाले.

१२ ऑक्टोबर

दसरा. पाने, टॅप-डाय, पिच गेज सगळं पुसून मांडलं, झेंडू वाहिला. काम नाही.

२० ऑक्टोबर

पुढचं सस्पेन्शन खोललं. टीडीला पुढं स्वतंत्र सस्पेन्शन आहे, कॉइल स्प्रिंग, खाली विशबोन (चाकाला धरणारा दुबेळक्याच्या आकाराचा हात), आणि वरचा हात म्हणजे शॉक अॅब्सॉर्बरचाच दांडा. टीसी या आधीच्या मॉडेलाच्या सरळ अॅक्सलपेक्षा केवढी तरी पुढची गोष्ट, आणि म्हणूनच इथले बोल्ट सगळ्यात जपायचे.

डावीकडच्या खालच्या विशबोनचा एक बोल्ट काढून हातात घेतला आणि बराच वेळ बघत बसलो. कुणीतरी डोक्यापर्यंत आटे असलेला बोल्ट घातलाय. मूळचा बोल्ट अर्ध्याहून जास्त गुळगुळीत असतो, आटे फक्त नटापुरते. या बोल्टाचे आटे जिथं दोन पत्र्यांच्या सांध्यात येत होते, तिथं ते चपटे होऊन चकाकताहेत, आणि दोन आट्यांच्या मधल्या खाचेत केसाएवढी काळी रेघ आहे. भिंग लावून पाहिली. तडा आहे. अजून किती किलोमीटर टिकला असता ते सांगता येत नाही, आणि तो तुटला असता तर चाक आत वळलं असतं.

कारण साधं आहे. आट्याच्या तळाशी बोल्टाचा व्यास कमी असतो, आणि ती प्रत्येक खाच म्हणजे तडा सुरू व्हायची जागा. कातरणारा भार जिथं येतो तिथं गुळगुळीत दांडाच हवा. शिवाय आटे भोकाच्या कडेला कानशीसारखे घासतात. त्यामुळे भोकही लांबुळकं झालंय.

म्हणून बोल्टाची लांबी दोन आकड्यांत मोजतोय. एक डोक्याखालून टोकापर्यंत. दुसरा डोक्याखालून आटे सुरू होतात तिथपर्यंत. जोडातल्या सगळ्या पत्र्यांची जाडी व्हर्नियरने मोजायची आणि गुळगुळीत भाग त्या सगळ्याला पार करेल एवढा घ्यायचा. नट आट्यांच्या शेवटाला जाऊन अडू नये म्हणून खाली एक वायसर. आवळल्यावर नटाच्या बाहेर एक-दोन आटे दिसायला हवेत, जास्त नकोत, कमी तर अजिबात नकोत. हवा तेवढा दांडा मिळत नसेल तर लांब बोल्ट आणायचा आणि जादा आटे कापायचे. पूर्ण आट्यांचा बोल्ट तिथं घालायचा नाही.

चासीच्या उजव्या बाजूचं प्रकरण वेगळं. तिथं मूळ ३/८ बीएसएफ, म्हणजे ९.५ मिमी. बीएसएफ मिळाला नाही म्हणून कुणीतरी भोक मोठं करून १० चा बोल्ट घातलाय, तोही थोडा तिरका. आता ३/८ घातला तर अर्धा मिलिमीटर ढिलाई. भोक भरून परत मूळ मापाला पाडायचं ठरवलं. बोल्ट जाडा करत जाणं सोपं असतं, पण पुढच्या माणसाला मग मूळ माप सापडतच नाही.

सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचे सगळे बोल्ट इंग्लंडहून मागवले, या गाड्यांचेच भाग विकणाऱ्याकडून. पैसे लागतात, कस्टम लागतं. या जागांवर मला काटकसर नको.

१० नोव्हेंबर

दिवाळी झाली. ब्लॉकची खराब भोकं.

जी बरी होती त्यांत ८ x १.० चा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) हाताने फिरवून साफ केली. टॅप कापायला नको, फक्त घाण काढायला हवा, म्हणून बोटांनीच फिरवायचा. खालच्या बंद भोकांतून कृष्णेचा गाळ निघाला, अजून ओलसर. बंद भोकात गाळ किंवा तेल राहिलं तर बोल्ट तळाला दाबून बिडाला तडा घालू शकतो, म्हणून हवा मारून, कापूस घालून, परत हवा मारून कोरडी केली.

जी गेलीच होती त्यांत हेलिकॉइल, म्हणजे खराब आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी. १.० पिचची किट वेगळी मागवावी लागली. ड्रिल मशीनला ब्लॉक सरळ बांधून भोक पाडलं, हातात ड्रिल धरून हे काम होत नाही. चांगलं बसवलेलं हेलिकॉइल मूळ आट्यापेक्षा कमी नसतं, उलट मऊ धातूत जास्तच धरतं.

२४ नोव्हेंबर

बाहेरून दिसणाऱ्या जागांसाठी जुन्या डोक्याचे बोल्ट हवेत. जेवढे मूळचे वाचले तेवढे वाचवले : आटे शाबूत, दांडा कुठं आखडलेला नाही, डोक्याचे कोपरे धरतात, असे वेगळे काढले. आखडलेला दांडा डोळ्याला दिसत नाही, व्हर्नियर सरकवत नेला की मधे तो सैल होतो. असा बोल्ट एकदा ताणून गेलेला आहे, तो भंगारात.

कमी पडले ते टर्नर अण्णांकडे. अण्णांची लेथ माझ्या वयाहून जुनी आणि हात त्याहून पक्का. मोठ्या षटकोनी सळईचे सहा पैल डिव्हायडिंग हेडवर (सळई समान कोनांत फिरवणाऱ्या साधनावर) उतरवून ०.५२५ वर आणले. मी म्हटलं, “अण्णा, सस्पेन्शनचे पण करून दिले असते का?” ते म्हणाले, “करीन, पण तू घालू नको. लेथवर आटं कापत्यात, कारखान्यात दाबून पाडत्यात. दाबलेल्या आट्यात लोखंडाचा धागा तुटत न्हाई.” यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं. कापलेल्या आट्याचा तळ तडा जायला सोपा असतो, धक्के खाणाऱ्या जागी तो नको. अण्णांचे बोल्ट कव्हर, ब्रॅकेट, डायनॅमोची पट्टी यांवर जातील.

प्लेटिंगवाल्याला दोन डबे वेगळे दिले. अण्णांचे आणि साधे बोल्ट झिंकला. १०.९ आणि त्याच्यावरचं काहीही त्याच्या आम्लात बुडवायचं नाही असं बजावलं. आम्लात आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन सुटतो, तो कडक पोलादात शिरतो आणि आवळलेला बोल्ट काही तासांनी किंवा दिवसांनी आपोआप तुटतो, आधी काही कळत नाही. मोठ्या कारखान्यात प्लेटिंगनंतर लगेच १९० ते २२० अंशांवर तासन् तास भट्टीत ठेवतात. इथं ती सोय नाही, मग कडक बोल्ट काळे करून तेल लावूनच घालायचे.

१५ डिसेंबर

पार्सल आलं. बोल्ट बीएसएफ, डोक्यावर खुणा, गुळगुळीत दांडे मोजून बरोबर. तरीही प्रत्येकाला गेज लावला.

त्यातच पिस्टन पिनचे नवे क्लॅम्प बोल्ट. या इंजिनात पिन कनेक्टिंग रॉडच्या वरच्या डोळ्यात एका बोल्टाने आवळलेली असते आणि बोल्ट पिनच्या खाचेतून जातो. बोटाच्या पेराएवढा तुकडा, पण तो सुटला की पिन सिलिंडरची भिंत खरवडते. हे बोल्ट जुने परत घालायचे नाहीत, कितीही चांगले दिसोत. बिग एंडचे, म्हणजे रॉडच्या खालच्या मोठ्या डोळ्याचे, बोल्टही नवे.

५ जानेवारी २०२५

जोडणी सुरू. टॉर्कबद्दल, म्हणजे किती जोराने आवळायचं याबद्दल, पोरांशी बोलणं झालं ते लिहितो.

८ x १.० चा ८.८ बोल्ट नीट आवळला की त्यात सुमारे १७ हजार न्यूटन, म्हणजे पावणेदोन टनांच्या जवळपास ओढ बसते. जोड टिकतो तो या ओढीवर. पत्रे एकमेकांवर इतके दाबले जातात की ते सरकतच नाहीत, आणि भार घर्षण घेतं. ढिल्या जोडात मात्र सगळे हेलकावे बोल्ट एकटा खातो. ती १७ हजारांची ओढ बसवायला साधारण २७ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, तेही कोरड्या, स्वच्छ आट्यांना. तेल लावलं तर त्याच आकड्याला ओढ बरीच जास्त बसते, म्हणून तेलकट बोल्टाला आकडा खाली आणायचा. आणि ही पूर्ण ओढ बोल्टाची मर्यादा बघून काढलेली आहे. सम्पच्या कडेला मधे गॅस्केट आहे आणि सम्प अॅल्युमिनियमचा, तिथं गाडीच्या पुस्तकातला कमी आकडाच घ्यायचा. अॅल्युमिनियममध्ये थेट आटे असतील तिथं बोल्ट निदान दुप्पट व्यासाइतका आत हवा.

नट सुटू नये म्हणून काय कुठं :

सस्पेन्शन, स्टिअरिंग : खाचांचा नट आणि स्प्लिट पिन. भोक जुळत नसेल तर नट मागं घ्यायचा नाही, पुढं आवळून जुळवायचा किंवा वायसर बदलायचा. पिन दर वेळी नवी.

फ्लायव्हील : टॅब वायसर, तोही नवा. एकदा वाकवलेली जीभ परत वाकवली की तुटते.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड : पितळी नट. पोलादी नट तिथं तापून स्टडला धरून बसतो आणि काढताना स्टडच तुटतो. नायलॉकही इथं नको, त्यातलं प्लास्टिक १२० अंशांच्या पुढं टिकत नाही.

बॉडीचे लाकडात बसणारे बोल्ट : मोठी चकती, आणि लाकूड चिरडेपर्यंत आवळायचं नाही. आत जाताना दांड्याला मेण.

विजेचे बीए स्क्रू सगळे मूळचेच निघाले आणि साफ होऊन परत बसले. यांच्या आट्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंश, दुसरं कुठलंच कुळ त्यात जात नाही.

१९ जानेवारी

काल इंजिन सुरू झालं. आज माधवनगरपर्यंत सावकाश नेऊन आणली, डॉक्टर शेजारी. तेलाचा दाब चांगला, समोरून कसलाही खडखडाट नाही.

परत आल्यावर गाडी थंड होऊ दिली आणि पुठ्ठे समोर धरून एकेक बोल्टावर टॉर्क पाना लावला. आवळलेल्या प्रत्येक बोल्टावर आधीच पिवळ्या रंगाची रेघ ओढली होती, डोक्यावरून पत्र्यावर सरळ. जिथं रेघ सरकली नाही तिथं पाना फक्त टेकवला. मॅनिफोल्डचे दोन नट थोडे फिरले. नवी गॅस्केट बसते तेव्हा हे होतंच. मागच्या स्प्रिंगचे यू-बोल्टही जरा घेतले. बाकी सगळं जागेवर.

डॉक्टरांना द्यायच्या वहीत प्रत्येक जागेचं माप लिहून दिलंय : आटा, पिच, दोन्ही लांब्या, ग्रेड, पाना कुठला, नट सुटू नये म्हणून काय. जिथं हेलिकॉइल आहे तिथं लाल खूण. डिकी नाही या गाडीला, म्हणून सीटमागच्या जागेत कापडी पिशवीत जादा बोल्ट आणि १/४ डब्ल्यूचा एक पाना ठेवला. वाटेत कुठल्याही गॅरेजवाल्याने १३ चा पाना आणि हाताशी असलेला एम ८ काढला तर आधी ही वही दाखवा, असं त्यांना सांगितलं.

आठशे किलोमीटरनंतर परत एकदा सगळं तपासायचं. उरलंय ते डाव्या दाराखालचं लाकूड. अॅशऐवजी सागवान घ्यायचं का, यावर सुताराशी पुढच्या रविवारी बोलणं.